कोंबड्यांतील आंत्रकृमींवरील उपचारांचा इतिहास

कोंबडीच्या आतड्यात राहणाऱ्या गोलकृमींपैकी ॲस्कॅरिडिया गॅली हा सर्वांत मोठा असून त्याची मादी सु. ७ ते १२ सेंमी. लांब असते. तो आणि उंडुकात (आंधळ्या आतड्यात) राहणारा लहान हेटेरॅकिस गॅलिनेरम या दोहोंचे वर्णन बव्हेरियातील निसर्गवैज्ञानिक फ्रांट्स श्रांक यांनी १७८८ मध्ये केले. उकिरडा व अंगण उकरून पोट भरणाऱ्या परसातील कोंबड्यांत या कृमींचा उपसर्ग विशेष आढळतो.

कृमी ओळखता आले, तरी उपचार दीर्घकाळ वनस्पतिज द्रव्यांपुरतेच राहिले. आयुर्वेदात कृमिघ्न म्हणून सांगितलेली पळसपापडी व वावडिंग ही भारतात जनावरांनाही देत असत. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोंबड्यांच्या खाद्यात तंबाखूची पूड मिसळीत.

उपचाराच्या विचाराला खरे वळण मिळाले ते औषधामुळे नव्हे. टर्की पक्ष्यांना मारक ठरणाऱ्या ‘काळे डोके’ या रोगाचा आदिजीव थीओबाल्ड स्मिथ यांनी १८९५ मध्ये वर्णिला होता. हेटेरॅकिसाची अंडी खाऊ घातल्याने हा रोग होतो, असे ग्रेबिल व स्मिथ यांनी १९२० मध्ये दाखविले. आदिजीव कृमीच्या अंड्यातच असतो, हे पुढे सिद्ध झाले. ही अंडी जमिनीत दीर्घकाळ टिकतात आणि गांडुळांमार्फतही पसरतात. कोंबडीला स्वतःला फारसा त्रास न देणारा हा कृमी त्यामुळे शेजारच्या टर्कींच्या दृष्टीने घातक ठरला. औषधांच्या इतिहासात या शोधाचा उल्लेख क्वचितच होतो. परंतु पक्ष्याबरोबर जमिनीचाही विचार करावा लागतो, हे त्यानेच पटवून दिले.

फेनोथायाझीन हे १९४० च्या सुमारास हेटेरॅकिसावर गुणकारी ठरले. ॲस्कॅरिडियावर मात्र त्याचा प्रभाव अल्प होता. ती उणीव १९५० नंतरच्या दशकात पिपरॅझिनाने भरून काढली. त्याने प्रौढ कृमी लुळा पडून विष्ठेवाटे बाहेर जातो, पण आतड्याच्या अंतस्त्वचेत शिरलेले डिंभ बहुधा वाचतात. म्हणून काही आठवड्यांनी मात्रा पुन्हा द्यावी लागते. त्यानंतर आलेली लेव्हामिसोल व फेनबेंडॅझोल ही औषधे अधिक व्यापक आहेत. मुंग्या व भुंगेरे खाल्ल्याने होणाऱ्या पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेलसारखे औषध लागते. अंड्यात औषधाचा अंश उतरण्याची अडचण अंड्यावरील कोंबड्यांच्या बाबतीत कायम राहिली; अमेरिकेत अशा कोंबड्यांसाठी पाण्यातून द्यावयाच्या फेनबेंडॅझोलाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

दरम्यान तारेच्या पिंजऱ्यांत विष्ठेशी संबंध तुटल्याने व्यापारी कुक्कुटपालनातून गोलकृमी जवळजवळ नाहीसे झाले [⟶ कुक्कुटपालन]. यूरोपीय संघात २०१२ पासून साध्या पिंजऱ्यांवर बंदी आली व कोंबड्या पुन्हा जमिनीवर वावरू लागताच ते परतले. टर्कींतील ॲस्कॅरिडिया डिसिमिलिस या जातीत फेनबेंडॅझोलास प्रतिकार निर्माण झाल्याचे २०१९ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. परसात पिंजऱ्याचा उपाय लागू पडत नाही. तेथे विष्ठा वेळच्या वेळी काढणे, खुराडे कोरडे ठेवणे, पिले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी वाढविणे आणि चरण्याची जागा आलटूनपालटून बदलणे हे उपाय औषधाच्या जोडीने करावे लागतात. कारण ऊबदार, ओलसर मातीत ॲस्कॅरिडियाचे अंडे दोन-तीन आठवड्यांत पुन्हा संसर्गक्षम होते.