वऱ्हाडचा दोर : अंबाडी, कापूस आणि मातंगांचे बलुते

'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण अकोल्याच्या बाजारात जितक्या सहज ऐकू येते तितकीच रत्नागिरीच्या बंदरावर. पण सुंभ म्हणजे मुळात नारळाच्या काथ्याची दोरी, आणि वऱ्हाडात नारळ पिकत नाही. तेथे नारळ येतो तो देवापुढे फोडण्यासाठी, बाजारातून. म्हण समुद्रकाठची वस्तू घेऊन काळ्या मातीत आली आणि रुजली. मग वऱ्हाडातील माणसाच्या डोळ्यांपुढे 'पीळ' या शब्दाबरोबर कोणता दोर उभा राहत असे? तो कशाचा होता, कोण वळत असे आणि तो नाहीसा का झाला, याचा हा धागा. थोडा लांब आहे.

आधी काथ्याविषयी थोडेसे. नारळाचे सोडण खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कित्येक महिने कुजवावे लागते. मग ते बडवून त्यातून काथ्या काढतात. हा तंतू खाऱ्या पाण्यात लवकर सडत नाही, म्हणून जहाजांचे दोर त्याचे असत. अरबी समुद्रातील गलबतांच्या फळ्या खिळे न मारता याच दोरीने शिवल्या जात. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने तसे लिहून ठेवले आहे. इंग्रजीतील 'कॉयर' हा शब्द मल्याळम 'कयर'वरून आला. १८५९ साली जेम्स डारा याने केरळातील आलप्पुळा येथे काथ्याचा कारखाना काढला, आणि पुढे या धंद्याला कारखाने, निर्यात, १९५३ चा स्वतंत्र कायदा व त्यानुसार स्थापलेले कॉयर बोर्ड असे सर्व काही लाभले. वऱ्हाडच्या दोराला यांतले काहीही लाभले नाही.

वऱ्हाडचा दोर अंबाडीचा. काही प्रमाणात सणाचाही, ज्याला ताग म्हणतात. पण घरोघरच्या शेतात दिसे ती अंबाडीच. तिचे वेगळे शेत सहसा नसे. कापसाच्या किंवा ज्वारीच्या पाट्यांमध्ये एखादी ओळ, धुऱ्याच्या कडेने आणखी एखादी, अशी ती पेरली जाई. कोवळेपणी तिच्या पानांची आंबट भाजी होई, बियांचे तेल निघे, आणि फुलोरा येऊन गेल्यावर माणसाहून उंच वाढलेली ताटे कापून वाखासाठी ठेवली जात. एका ओळीतून भाजी, तेल आणि दोर! महसुली नोंदींत अशा पिकाचे माप नीट लागत नाही, कारण ते मुख्य पिकाच्या पोटात दडलेले असते. इंग्रजी अमदानीतील लेखक त्याला 'डेक्कन हेम्प' म्हणत.

दिवाळीच्या सुमारास ताटांच्या पेंढ्या बांधून वाळवीत. पाने गळून गेली की त्या पेंढ्या नाल्याच्या डोहात किंवा तळ्यात बुडवून वर दगड आणि चिखल ठेवीत. आठ ते पंधरा दिवसांत साल सुटू लागे. पाणी किती ऊन आहे यावर हे दिवस कमीजास्त होत. थंडी पडली की काम लांबे. हे पाणी काळे पडे, त्यातील मासे मरत आणि दुर्गंधी लांबवर जाई. कमरेएवढ्या त्याच पाण्यात उभे राहून ताट अन् ताट सोलायचे, साल पाण्यावर आपटून धुवायची आणि उन्हात टाकायची. वाळल्यावर जो लांब, फिकट पिवळसर तंतू हाती येई तो वाख. उरलेल्या काड्या चूल पेटवायला उपयोगी पडत. नारळाच्या सोडणाला महिने लागतात, येथे पंधरवडा पुरे. पण हा पंधरवडा अंगावर घेणारी माणसे गावाने ठरवून ठेवलेली होती.

दोर वळण्याची कृती वरवर सोपी दिसते. वाख विंचरून त्याचा पेड काढायचा आणि त्याला एका दिशेने पीळ द्यायचा. असे तीन पेड शेजारी ताणून धरायचे आणि तिन्ही मिळून उलट दिशेने वळायचे. प्रत्येक पेड आपला पीळ उलगडू पाहतो आणि नेमका त्याच ओढीने शेजारच्या पेडाला घट्ट आवळतो. दोर टिकतो तो या दोन विरुद्ध पिळांच्या झगड्यावर. गाठ किंवा डिंक कोठेच नसतो. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक लाकडी भिंगरी, पेड वेगळे ठेवायला तीन खाचांचा ठोकळा, एखादे झाड किंवा खुंटा, आणि मोकळी लांब जागा. एकजण भिंगरी फिरवी, दुसरा वाख सोडत मागे मागे चालत जाई. पेडांचा ताण सारखा राहिला नाही तर दोर एका अंगाने फुगे आणि तेथूनच तुटे. तीस-चाळीस हातांचे चऱ्हाट एकसारखे वळणे हे बोटांना वर्षानुवर्षे लागलेल्या सवयीचे काम होते. कंटाळवाण्या लांबण लावलेल्या बोलण्याला मराठीत 'चऱ्हाट' म्हणतात, ते उगाच नव्हे.

आणि शेतकऱ्याला दोर किती लागे! बैलाच्या नाकात वेसण, तोंडावर म्होरकी, हाती कासरा, गोठ्यात दावे. मळणीच्या वेळी मुसके. गाडीवर कडबा आवळायला चऱ्हाट. घरात दूधदुभते टांगायला शिंके, बाज विणायला सुतळी. विहिरीवर पोहऱ्याचा दोर. वऱ्हाडची शेती बहुतांशी कोरडवाहू असल्यामुळे मोटा देशाइतक्या नव्हत्या. पण अंजनगाव सुर्जीचे पानमळे आणि पुढे वरुड-मोर्शीकडील संत्र्याच्या बागा विहिरींवरच वाढल्या, आणि तेथे मोटेचा जाड नाडा अपरिहार्य होता. ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यांत अंबाडीचा दोर लवकर झिजतो. त्यामुळे मागणी दरवर्षी नवी. पोळ्याला तर बैलांच्या अंगावर सगळा साज नवा हवा.

हे सारे पुरविण्याची जबाबदारी मातंग समाजावर होती. त्या काळच्या कागदपत्रांत शब्द येतो तो 'मांग'. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांचा जो तपशील आहे त्यात दोरखंडे वळणे हे मांगांचे काम म्हणून येते. आत्रे यांचे निरीक्षण प्रामुख्याने देशावरचे. तथापि १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातील चित्र फारसे वेगळे नाही. दोर, झाडण्या, टोपल्या आणि वाजंत्री. मोबदला रोख नव्हे, तर सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा, म्हणजेच बलुते.

या व्यवस्थेचे वर्णन 'स्वयंपूर्ण गाव' अशा गोड शब्दांत करण्याची प्रथा आहे. ती येथे बाजूला ठेवणे बरे. जो दोर विहिरीत उतरे, तो वळणाऱ्याला त्या विहिरीचे पाणी स्वतः शेंदता येत नसे. त्याने वळलेले शिंके सवर्णाच्या स्वयंपाकघरात टांगले जाई आणि तो स्वतः उंबऱ्याबाहेर उभा राही. फाशी देण्याचे कामही याच समाजावर लादले गेले होते. दोर वळणाऱ्या हातांनीच तो गळ्यात अडकवायचा, अशी ही वाटणी. वस्तू शुद्ध आणि ती करणारा अशुद्ध, हा न्याय तंतूच्या बाबतीत आणखी पुढे जात असे. वऱ्हाडाला लागून असलेल्या निमाडात आणि होशंगाबादेत सण पिकवून त्याचे गोणपाट विणणारी 'लोऱ्हा' नावाची लहानशी जात रसेल-हिरालाल यांनी नोंदली आहे. सण पिकवण्याविषयी इतर शेतकरी जातींच्या मनात इतकी तीव्र अढी होती की तो पिकवणारे आपल्या मूळ जातीपासून तुटत. ज्या गोणीशिवाय धान्य हलत नव्हते, तिचे पीक घेणे हाच कमीपणा!

आता कापसाकडे यावे लागेल, कारण वऱ्हाडात प्रत्येक गोष्ट शेवटी तेथेच येते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. त्यापूर्वीही अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. शेकडो मैलांची ही वाट, आणि बंजाऱ्यांचे तांडे. प्रत्येक बैलावर दोन बाजूंना भार, प्रत्येक भाराला गोणी आणि प्रत्येक गोणीला दोर. हा व्यापार जणू दोरावरच लटकलेला होता.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झाले (१८६१–६५), लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. १८६७ पर्यंत भुसावळ–नागपूर लोहमार्ग पुरा झाला. अकोला आणि बडनेरा मुंबईला जोडले गेले. सरकी काढण्याचे आणि गाठी दाबण्याचे कारखाने उभे राहिले. येथे कोणाला वाटेल की कापूस वाढला तेव्हा दोरवाल्यांचेही दिवस पालटले असतील. झाले उलटेच. वाफेच्या प्रेसमध्ये दाबलेली गाठ सुटू नये म्हणून लोखंडी पट्ट्या लागत. अंबाडीच्या दोराला तो दाब पेलणारा नव्हता. वरचे आवरण तागाचे, कलकत्त्याकडून आलेले. रिश्रा येथे हुगळीकाठी १८५५ साली पहिली ताग गिरणी सुरू झाली होती आणि तिच्या मागोमाग उभ्या राहिलेल्या गिरण्यांच्या स्वस्त पोत्यांपुढे बंजाऱ्यांची गोणीही मागे पडली. वऱ्हाडातून जो सर्वांत मोठा माल बाहेर जात होता, त्याला वऱ्हाडचा दोर लागेनासा झाला. तो उरला फक्त बैलापुरता आणि घरापुरता.

दुसरा घाव अधिक खोल होता. बलुते धान्यात मिळे, आणि धान्य खळ्यावर येई. कापसाला खळे नसते. तो वेचून गाडीत भरला की थेट बाजारात जातो आणि त्याचे रुपये होतात. वाटेत कोठेही बलुतेदार हात पसरून उभा राहू शकेल अशी जागा नाही. ज्वारीच्या जमिनीत कापूस शिरला तसा वाटा मागण्याचा पायाच आखडला. लक्ष्मण सत्य यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेल्या पुस्तकात (१९९७) कापसाच्या या अर्थव्यवस्थेने जुनी ग्रामव्यवस्था कशी मोडीत काढली हे मांडले आहे. ती व्यवस्था न्याय्य होती असे कोणी म्हणणार नाही; परंतु तिच्यात पोटाला निदान एक ठरलेला आधार होता. तो गेला, आणि त्याच्या जागी रोख मजुरी सर्वांना मिळालीही नाही. १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले तेव्हा धान्य विकत घेण्यासाठी रुपया हवा होता. दोर वळून रुपया मिळत नव्हता.

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांची इंग्रजी गॅझेटियरे १९१० आणि १९११ साली निघाली. कापसाने व्यापलेल्या अशा ग्रंथांत दोर शोधावा लागतो. मोजमाप त्याचेच होते ज्यावर सारा बसतो किंवा जे आगगाडीत चढते.

विसाव्या शतकात अंबाडीला एकदा अवचित महत्त्व आले. १९४७ च्या फाळणीत ताग पिकवणारा बराचसा प्रदेश पूर्व पाकिस्तानात गेला आणि गिरण्या मात्र हुगळीकाठी राहिल्या. तागाला पर्याय म्हणून 'मेस्ता' म्हणजे अंबाडीवर्गीय पिकांची लागवड वाढविण्याचे सरकारी प्रयत्न झाले. लाभ झाला तो मुख्यतः आंध्र, बंगाल, ओडिशा या भागांना. वऱ्हाडात ती धुऱ्यावरच राहिली.

नंतरचा उतार वेगाने झाला. विहिरीवर आधी ऑइल इंजिन आणि मग विजेचा पंप आला, तसा नाडा गेला. ट्रॅक्टर आला आणि बैल कमी झाले. शेवटी नायलॉन आले. ते पाण्यात सडत नाही, उंदीर लागला तरी बराच काळ टिकते आणि हव्या त्या रंगात मिळते. शेतकऱ्याने ते घेतले यात नवल नाही. हाताने वळलेल्या दोराविषयी आज हळहळणाऱ्यांनी तो पाण्यात उभे राहून सोललेला असे, हे लक्षात ठेवलेले बरे. मातंग तरुणांनीही हा धंदा सोडला, आणि सोडताना सर्वांनाच दुःख झाले असेल असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा होता. सुतारकाम करणारा फर्निचरवाला होऊ शकला, सोनाराची पेढी झाली. दोर वळणाऱ्याजवळ ना जमीन, ना भांडवल, ना बाजारात भाव येईल असे कसब उरले. १९८५ साली राज्य शासनाने या समाजासाठी अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने विकास महामंडळ स्थापले, तेव्हा गावोगावच्या भिंगऱ्या बहुतेक थांबलेल्या होत्या.

आजही पोळ्याच्या आधी अमरावती-अकोल्याच्या बाजारांत वेसणी, कासरे आणि म्होरक्यांचे झुबके टांगलेले दिसतात. गुलाबी, हिरवे, पिवळे. जवळजवळ सगळे नायलॉनचे. अंबाडी मात्र वऱ्हाडातून गेलेली नाही. पावसाळ्यात तिच्या कोवळ्या पानांच्या जुड्या भाजीबाजारात येतात, आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली आंबट भाजी भाकरीबरोबर घरोघरी खाल्ली जाते. पाने खुडून झाली की ताटे धुऱ्यावर वाळतात आणि पऱ्हाट्यांबरोबर जाळली जातात.