जागरण आणि निद्रानाश

परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासासाठी आपण जागतो, ते जागरण. अंथरूण आहे, वेळही आहे, पण झोपच येत नाही, तो निद्रानाश. दोन्हींचा बुद्धीवर होणारा परिणाम एकच, असे आपण सहज धरून चालतो. तो तसा नाही, हे कळायला विज्ञानाला सुमारे शंभर वर्षे लागली.

१८९६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या पॅट्रिक व गिल्बर्ट यांनी तिघांना सलग ९० तास जागे ठेवल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. दर सहा तासांनी त्यांच्या चाचण्या घेतल्या जात. पाठांतर कठीण झाले, प्रतिसाद मंदावला. एकाला तर नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. झोप मिळताच मात्र तिघेही पूर्ववत झाले.

मग बुद्धी हळूहळू विझत जाते काय? १९५९ मध्ये विल्यम्स, ल्युबिन व गुडनाऊ यांनी वेगळे उत्तर दिले. जागरण झालेल्या माणसाचे लक्ष मधूनमधून काही क्षण तुटते. एरवी तो बराचसा नेहमीसारखा काम करतो. म्हणून पाच मिनिटांच्या गप्पांत तो ठीक वाटतो आणि लांबलचक, कंटाळवाण्या कामात पकडला जातो.

१९६४ च्या जानेवारीत सॅन डिएगोच्या रँडी गार्डनर या १७ वर्षांच्या मुलाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सुमारे २६४ तास जागून दाखवले. अखेरच्या दिवशी त्याला १०० मधून सात-सात वजा करायला सांगितले. ६५ वर येऊन तो थांबला. का थांबलास, असे विचारल्यावर, आपण काय करत होतो हेच विसरलो, असे तो म्हणाला.

निद्रानाशाचे कोडे उलगडू लागले ते १९९० च्या दशकात. बॉनेट व अरँड यांनी निरोगी माणसांची झोप आठवडाभर निद्रानाशाच्या रुग्णांसारखीच मोडली. ही माणसे दिवसा पेंगू लागली. रुग्ण मात्र थकलेले असूनही दिवसा सहज झोपत नाहीत; त्यांच्या शरीराचा चयापचयाचा वेगही जास्त आढळला होता. म्हणजे निद्रानाशात नुसती झोप कमी नसते, शरीर-मन सदैव ताणलेले असते. रुग्णांच्या स्मरणशक्तीत व प्रश्न सोडवण्यात उणीव आढळते, पण सरासरीने ती सौम्य ते मध्यम असते.

जागरणाचा धोका वेगळाच. २००३ मध्ये व्हॅन डाँगेन, डिंजेस व सहकाऱ्यांनी काही जणांना १४ दिवस रोज फक्त सहा तास झोपू दिले. लक्ष देण्याच्या चाचणीत त्यांची घसरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी झाली. पण त्यांना स्वतःला थोडीच झोप येत असल्यासारखे वाटत होते.

तेव्हा "मला चार तास झोप पुरते" असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे म्हणणे आपण प्रामाणिक मानावे, पुरावा मात्र मानू नये. आणि "झोपच येत नाही" म्हणणाऱ्याला "लवकर झोपत जा" एवढेच सांगून थांबू नये. त्याचा प्रश्न वेळेचा नाही.