लेझरनंतरची लाली: साधी कधी, धोक्याची कधी?

घरात निकाह ठरला की मीरा रोड-भाईंदरच्या आपल्या मुलीही लेझरने केस काढायचं म्हणतात. नंतरची लाली पाहून मग घरचे घाबरतात. लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन शोषून घेतं, त्याची उष्णता होते. म्हणून केसांच्या मुळांभोवती लाली, हलकी सूज येते. ती बहुधा काही तासांत, फार तर २-३ दिवसांत उतरते. थंड पाण्याची पट्टी ठेवावी, ऊन टाळावं.

सावळ्या त्वचेतही मेलॅनिन जास्त असतं, त्यामुळे ती भाजून काळे डाग पडू शकतात. तिला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित. म्हणून आम्ही सांगतो, पैसे भरण्याआधी मशीन कोणतं ते विचारा. फोड आले, जळजळ वाढली तर हळद-लिंबू लावत बसू नका. लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.