मागणी ते हक्क

लखनौला अमौसीच्या विमानतळापासून काही अंतरावर, रायबरेली मार्गावर, बाबासाहेब भीमराव आंबेडकर यांच्या नावाचे केंद्रीय विद्यापीठ आहे. ते १९९६ साली स्थापन झाले. या नावामागे महाराष्ट्रातील एक दीर्घ परंपरा उभी आहे.

बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारचा महसूल बहुतांशी शेतकऱ्याच्या घामातून येतो; मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्चावा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी. त्यांनी शिक्षण दान म्हणून नव्हे, न्याय म्हणून मागितले.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९५० च्या राज्यघटनेने हे ध्येय मार्गदर्शक तत्त्वांत घातले. परंतु त्या तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला.

श्रोतेहो, एका मागणीचा हक्क होण्यास १२८ वर्षे लागली. तो प्रत्येक मुलाच्या पदरी पडतो की नाही, हे पाहणे प्रशासनाचे आणि तितकेच समाजाचेही काम आहे.