नावांची यादी आणि न दिसणारी जागा

गेल्या खेपेस आपण वर्णानुक्रमाचा विषय घेतला होता. आज त्याच्या शेजारच्याच एका लहानशा गोष्टीकडे वळू. ती म्हणजे नावातली मोकळी जागा, जिला आपण सगळेच 'स्पेस' म्हणतो. विषय क्षुल्लक वाटेल. पण यादीत माणसाचं नाव सापडणं किंवा न सापडणं कधी कधी तिच्यावरच अवलंबून असतं.

शब्दांमध्ये जागा सोडणं ही काही लेखनाबरोबर जन्मलेली रीत नव्हे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितं बहुधा सलग लिहिलेली असत. आपली मोडीही तशीच. आधी पानावर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. युरोपात लॅटिन शब्द सुटे करून लिहिण्याची पद्धत रुजवली ती सातव्या-आठव्या शतकांतल्या आयरिश मठांतल्या लेखनिकांनी. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती, तेव्हा शब्द ओळखायला डोळ्याला आधार हवा होता. म्हणजे जागा आली ती वाचकाच्या सोयीसाठी, हे लक्षात असू द्या.

वर्णानुक्रम हिच्याहून जुना. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथसंग्रहाची सूची कॅलिमॅकसनं केली ती इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात. पण जुन्या काळी हा क्रम बहुतेकदा पहिल्या एक-दोन अक्षरांपुरताच पाळला जाई. पुढच्या प्रत्येक अक्षरापर्यंत तो कसा न्यायचा, हे १२८६ साली जोव्हान्नी बाल्बी यानं आपल्या 'कॅथॉलिकॉन' या कोशात उदाहरणं देऊन समजावलं. पुढे ग्रंथालयांच्या सूची वाढल्या, तेव्हा या दोन रीतींची गाठ पडली आणि प्रश्न उभा राहिला: जागेला क्रमात स्थान द्यायचं की नाही? 'न्यू यॉर्क' आणि 'न्यूआर्क' ही दोन नावं घ्या. जागा मोजली तर न्यू यॉर्क आधी. नाही मोजली तर न्यूआर्क आधी. जागा मोजणाऱ्या ग्रंथपालांनी एक नियम ठरवला: 'काही नाही' हे 'काही'च्या आधी येतं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे वैशेषिक आठवल्याशिवाय राहत नाहीत. उत्तरकालीन वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानलं. जमिनीवर घट नाही, हे 'नसणं'ही ज्ञानाचा विषय होतं, असं त्यांचं म्हणणं. खिळ्यांच्या छापखान्यात तर हा अभाव हातात धरता येत असे. दोन शब्दांमध्ये शिशाचा एक तुकडा घालत. तो अक्षरांपेक्षा ठेंगणा, म्हणून त्याला शाई लागत नसे. कागदावर काही उमटत नसे, पण जुळाऱ्याच्या दृष्टीनं तिथे वस्तू होतीच.

संगणकानं या अभावाला क्रमांक दिला. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या 'आस्की' संकेतावलीत जागेचा क्रमांक ३२, आणि रोमन मोठ्या 'ए'चा ६५. हा योगायोग नव्हता. जागा अक्षरांच्या आधी ठेवली म्हणजे याद्या आपोआप ग्रंथपालांच्या नियमानं लागतात, असा त्यात विचार होता.

इथपर्यंत सगळं ठीक. मग १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या लिप्या एका छत्राखाली आल्या, आपली देवनागरीही आली, आणि जागाही अनेक झाल्या. ओळ तुटू न देणारी जागा, क्रमांक १६०. दिसायला साध्या जागेसारखीच. शून्य रुंदीची जागा, क्रमांक ८२०३. ही तर दिसतच नाही. देवनागरीचा मूळ विभाग २३०४ ते २४३१. आता हिशेब करा. केवळ क्रमांक पाहून यादी लावणाऱ्या यंत्रात एखाद्या नावाआधी चुकून साधी जागा पडली, तर ते नाव 'अ'च्याही वर जाऊन बसतं. शून्य रुंदीची जागा पडली, तर तेच नाव 'ह'च्याही खाली, तळाशी जातं. रोमन यादीत १६० क्रमांकाची जागा आधी आली, तर नाव 'झेड'च्या पुढे जातं. माणसाच्या डोळ्याला मात्र तिन्ही ठिकाणी नाव अगदी शुद्ध दिसतं.

मराठीत आणखी एक गंमत आहे. 'कऱ्हाड'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, क्रमांक ८२०५. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण तसा सरळ शोध घेणाऱ्या यंत्राला ती दोन वेगळी नावं. त्या आडनावाचं एकच कुटुंब एका यादीत दोन ठिकाणी विभागलं जाऊ शकतं.

उपाय नाही असं नव्हे. युनिकोडनंच वर्णक्रमाचे वेगळे नियम केलेत. त्यांत शून्य रुंदीची ही चिन्हं सहसा हिशेबात धरत नाहीत. नाव नोंदवतानाच मागच्यापुढच्या जागा छाटता येतात, मधल्या एकसारख्या करता येतात. काम थोडंच असतं, पण ते कुणीतरी करावं लागतं.

समजा, मदतीच्या यादीत एखाद्या म्हातारीचं नाव तळाशी गेलंय. खिडकीवरचा कारकून 'स'मध्ये बघतो आणि सांगतो, "आजी, तुमचं नाव नाही." तो खोटं बोलत नाही, त्याच्या जागी त्याला अभावच दिसतो. पण घट जमिनीवर नाही म्हणून तो कुठेच नाही, असं वैशेषिकांनी कधी म्हटलं नव्हतं. आमचं म्हणणं एवढंच, की जी रीत वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आली, तिच्यापायी माणूस परत पाठवला जाऊ नये. 'नाव नाही' म्हणण्याआधी यादीचा माथा आणि तळ दोन्ही पाहावेत.

पुढच्या वेळी आपण आडनावं आधी लिहिण्याची रीत पाहू. आज इथे थांबतो.