चाकांवरचा साक्षीदार

गेल्या चार महिन्यांपासून माझ्या टेबलावर आगगाडीचा एक लहानसा डबा आकार घेत आहे. सागवानाच्या पातळ फळ्या, पितळेचा पत्रा, दोन कानशी आणि डाख देण्याचें सामान एवढ्या भांडवलावर हा उद्योग चालला आहे. घरीं येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे कौतुकानें पाहतो आणि मग थोडासा हिरमुसतो. माझ्या पुतण्यानें तर स्पष्टच विचारलें, “काका, इंजिन सोडून तुम्ही हा नुसता डबाच कां करायला घेतला?” प्रश्न रास्त होता. आगगाडीची प्रतिकृति म्हटली कीं धूर ओकणारें इंजिन डोळ्यांपुढें यावें हें स्वाभाविक आहे. परंतु मीं निवडलेला डबा उतारू नेण्यासाठीं नव्हता आणि माल नेण्यासाठींहि नव्हता. इंजिनानें काय केलें तें लिहून ठेवणें, एवढेंच त्याचें काम. इंग्लंडांत त्याला डायनमोमीटर कार म्हणतात. आपण त्याला मापनडबा म्हणूं.

माझा नमुना १९०६ सालीं इंग्लंडच्या नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनें बांधलेल्या डब्याचा आहे. मूळ डबा आतां यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचा आहे. मीं एका फुटास सात मिलीमीटर हें प्रमाण धरलें आहे; म्हणजे मूळ वस्तूचा सुमारें साडेत्रेचाळिसावा हिस्सा. या प्रमाणाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. लांबी साडेत्रेचाळीस पटींनीं घटली तर वजन सुमारें ब्याऐंशी हजार पटींनीं घटतें, त्यामुळें तीस टनांचा डबा पाऊण पौंडाहून किंचित् जास्त भरतो. आणि या डब्यानें नोंदलेला ताशीं १२६ मैलांचा वेग त्याच प्रमाणांत आणला, तर तो ताशीं तीन मैलांहूनहि कमी होतो. मंडईंतून पिशवी घेऊन परतणाऱ्या गृहस्थाची ती चाल! डब्याचें रूप लहान करतां येतें, पण त्याचें कार्य तसें लहान करतां येत नाहीं. तें समजून घ्यावयाचें तर इतिहासांतच शिरावें लागतें.

मापनडबा इंजिन आणि गाडी यांच्यामध्यें जोडतात. इंजिनाची सारी ओढ त्या डब्यांतील पोलादी पट्ट्यांच्या एका भक्कम कमानीवर येते. कमान जितकी वांकेल तितकी ओढ जास्त, आणि तिला जोडलेली लेखणी तें वांकणें एका सरकत्या कागदावर रेघेच्या रूपानें उमटविते. कागद सरकविण्याचें काम एक स्वतंत्र चाक करतें. तें डब्याचा भार वाहत नाहीं. प्रयोगाच्या वेळीं तेवढें रुळावर उतरवितात. दुसरी लेखणी घड्याळाला जोडलेली असते व ती ठराविक काळानें खूण करते. ओढ, अंतर आणि काळ हीं तीन मापें एका कागदावर आलीं कीं इंजिनाला कांहीं लपवितां येत नाहीं. पांच टनांची ओढ ताशीं साठ मैलांच्या वेगानें चालू असेल, तर सुमारें अठराशें अश्वशक्तीचें काम होत आहे, हा हिशेब कोणाहि कारकुनाला करतां येईल.

ही कल्पना प्रथम अंमलांत आणणाऱ्यांपैकीं एक म्हणजे गणकयंत्राचा जनक म्हणून प्रसिद्ध असलेला चार्लस् बॅबेज. १८३८ च्या सुमारास ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनियर ब्रूनेल हा मोठ्या संकटांत सांपडला होता. त्यानें इतरांपेक्षां वेगळे, सात फूट रुंदीचे रूळ घातले होते आणि भागधारक विचारूं लागले होते कीं हा खर्च कशासाठीं? निकोलस वुड आणि डायोनिसियस लार्डनर यांजकडून चौकशी करविण्यांत आली. बॅबेजनें आपल्या परीनें शोध आरंभिला. त्यानें एक डबा घेऊन त्याच्या आंतील सर्व सामान काढून टाकलें. डब्याच्या तळाला भोंकें पाडून खालच्या सांगाड्यावर घट्ट बसविलेले खांब त्यानें आंत आणले व त्यांवर एक लांब टेबल ठेवलें. हेतु असा कीं, डब्याची पेटी हवी तशी डोलली तरी टेबलाला तिचा धक्का लागूं नये. त्या टेबलावरून हजार हजार फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळ्या हळूहळू सरकत आणि त्यांवर अनेक लेखण्या आपापल्या रेघा ओढीत. एक लेखणी ओढ दाखवी. कित्येक लेखण्या डब्याच्या मध्यावरचे व टोंकाचे हिसके दाखवीत. उभे निराळे, आडवे निराळे. एक घड्याळ दर अर्ध्या सेकंदाला खूण करी. पांच महिने हा प्रयोग चालला आणि बॅबेजला पदरचे सुमारें तीनशें पौंड खर्चावे लागले.

हे प्रयोग रविवारीं करीत, कारण त्या दिवशीं मार्ग मोकळा असे. अशाच एका रविवारीं रेल्वेच्या अधिकाऱ्यानें, आज दुसरें इंजिन मार्गावर येणारच नाहीं असें निक्षून सांगितलें. बॅबेजचे कान तीक्ष्ण होते. त्याला दुरून इंजिनाचा आवाज ऐकूं आला. अधिकारी मानीना. इतक्यांत एकटें इंजिन धडधडत आलें आणि त्यावरून धुरानें काळवंडलेला ब्रूनेल स्वतःच उतरला! त्याची गाडी चुकली होती, म्हणून एक इंजिन मागवून तें ताशीं पन्नास मैलांच्या वेगानें स्वतः हांकीत तो आला होता. समोरून आमचें इंजिन आलें असतें तर तूं काय केलें असतेंस, असें बॅबेजनें विचारतां तो म्हणाला कीं, मीं सगळी वाफ सोडून वेग वाढविला असता, म्हणजे समोरचेंच इंजिन उडून गेलें असतें. थोर इंजिनियराच्या तोंडीं शोभेल असें हें शास्त्र नव्हे. पण ही हकीकत बॅबेजनें स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. जानेवारी १८३९ मधील भागधारकांच्या सभेंत आपल्या कागदांचा मोठा प्रभाव पडला, असेंहि तो लिहितो. आत्मचरित्रांतील असल्या विधानांना थोडी सूट द्यावी लागते. एवढें खरें कीं ब्रूनेलचे रुंद रूळ त्या सभेंतून बचावले आणि पुढें १८९२ पर्यंत टिकले. आपल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास पहिली गाडी गेली ती साडेपांच फुटांच्या रुळांवरून. रुळांच्या रुंदीच्या त्या वादाचे पडसाद आपल्यापर्यंत पोंचले होते.

बॅबेजची याहूनहि दूरदृष्टीची एक सूचना होती. गाडीचा वेग आपोआप नोंदणारें यंत्र नेहमींच्या गाड्यांतूनहि असावें, म्हणजे अपघात झाल्यावर साक्षीदारांच्या स्मरणशक्तीवर विसंबावें लागणार नाहीं, असें त्याचें मत होतें. माणूस भीतीनें विसरतो व नोकरीच्या काळजीनें खोटें बोलतो. लेखणीला यांपैकीं कोणतीच अडचण नसते.

लेखणीची किंमत कळावयाला लेखणी नसतांना काय होतें तें पाहावें. ९ मे १९०४ रोजीं ग्रेट वेस्टर्नचें ‘सिटी ऑफ ट्रुरो’ हें इंजिन वेलिंग्टनच्या उतारावरून धांवत असतां चार्लस् राउस-मार्टेन या जाणत्या गृहस्थानें हातांतल्या घड्याळावर पाव मैलाला ८·८ सेकंद मोजले. हिशेबानें ताशीं १०२·३ मैल होतात. पण तें घड्याळ पंचमांश सेकंदानें पुढें सरकणारें. अंगठा एक पंचमांश सेकंद उशिरां दाबला असता तर उत्तर बरोबर १०० आलें असतें. एका टिचकीला दोन मैलांहून अधिक फरक! म्हणून त्या वेगाविषयींचा वाद आज शंभर वर्षांनंतरहि मिटलेला नाहीं. उलट ३० नोव्हेंबर १९३४ रोजीं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ इंजिनानें शंभराचा आंकडा गांठला तेव्हां त्याच्यामागें माझा हा मापनडबा होता, आणि अधिकृतपणें मान्य झालेला पहिला शंभर मैलांचा वेग म्हणून इतिहासानें तो पदरांत घेतला.

आतां ३ जुलै १९३८. हाहि रविवारच. दोन वर्षांपूर्वीं, ११ मे १९३६ रोजीं, जर्मनीच्या ‘०५ ००२’ या इंजिनानें ताशीं २००·४ किलोमीटर, म्हणजे सुमारें साडेएकशेंचोवीस मैल, वेग नोंदविला होता. इंग्लंडांत सर नायजेल ग्रेस्ली यांच्या मनांत तो आंकडा सलत होता. वरकरणी त्या दिवशींचा कार्यक्रम ब्रेकच्या चांचणीचा होता. ‘मॅलर्ड’ नांवाचें चार महिन्यांचें नवें इंजिन, त्यामागें मापनडबा आणि त्यामागें सहा डबे अशी गाडी ग्रॅन्थमच्या उत्तरेस बार्क्स्टन येथें उभी होती. खरा बेत तेथें उघड करण्यांत आला आणि ज्यांना उतरावयाचें असेल त्यांच्यासाठीं टॅक्सी देऊं असें ब्रेकवाल्या मंडळींना सांगितलें, अशी हकीकत सांगतात. कोणी उतरलें नाहीं.

ड्रायव्हर जो डडिंग्टन आणि फायरमन टॉमी ब्रे. ग्रॅन्थमला दुरुस्तीमुळें गाडी अगदीं मंद करावी लागली, तरी स्टोकच्या माथ्यावर ती पंचाहत्तर मैलांच्या आसपास पोंचली होती. तेथून उतार. वेग वाढत गेला. इंजिनाचीं पावणेसात फुटांच्या आसपास व्यासाचीं चाकें सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेऊं लागलीं. अखेरीस वांकणें व जंक्शन जवळ आल्यामुळें वाफ बंद करावी लागली. इंजिनाच्या मधल्या सिलिंडरचा मुख्य सांधा तापून निकामी झाला होता; पीटरबरोला ‘मॅलर्ड’ सोडवून जुनें इंजिन जोडलें आणि विक्रमवीर मंडळी त्या जुन्या इंजिनामागून लंडनला गेली.

मग सगळ्यांच्या नजरा त्या कागदाकडे वळल्या. १२५ कीं १२६? ताशीं १२६ मैल म्हणजे सेकंदाला सुमारें १८५ फूट, आणि कागदावरील तें टोंक इतकें बारीक होतें कीं एवढ्या अल्प काळाची रेघ वाचणें हें वाचणाराच्या नजरेवरहि अवलंबून होतें. शिवाय त्या मापनचाकाची गोष्ट घ्या. चाकाचा घेर झिजून हजारांश जरी कमी झाला, तरी १२६ मैलांत अष्टमांश मैलाची चूक होते. स्वतः ग्रेस्ली १२५ वर थांबले. क्षणिक टोंक दाखवून फुशारकी मारणें त्यांना पटलें नाहीं. ते १९४१ मध्यें वारले. १९४८ सालीं ‘मॅलर्ड’च्या अंगावर जी पाटी बसविली तींत मात्र १२६ हाच आंकडा आहे, आणि जगानें तोच पाठ केला. माझें मत विचाराल तर मला ग्रेस्लींचा १२५ अधिक मोलाचा वाटतो. ज्याला १२६ चा सर्वांत जास्त लाभ होता, त्यानेंच तो घेण्याचें नाकारलें आहे.

विक्रमांच्या या कथेंत लेखण्यांचें दुसरें काम झांकून जातें, म्हणून आपल्या देशाकडे वळतों. बॅबेजनें आडव्या हिसक्यांसाठीं निराळी लेखणी ठेविली होती. १७ जुलै १९३७ रोजीं पाटण्याजवळ बिहटा येथें ईस्ट इंडियन रेल्वेची एक गाडी रुळांवरून घसरली आणि शंभरांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. गाडीला एक्स्. बी. जातीचें पॅसिफिक इंजिन होतें. या इंजिनांचें डोलणें आणि त्याखालीं रुळांचें वांकडें होणें यांची कसून चौकशी करण्यासाठीं लेफ्टनंट-कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. तींत विल्यम स्टॅनियर यांच्यासारखा इंजिनियर होता. तिचा अहवाल १९३९ मध्यें बाहेर आला. इंजिन किती डोलतें हें अपघातानंतर शोधण्याऐवजीं उतारू बसण्यापूर्वीं कळलें असतें तर, हा विचार त्या अहवालाच्या संदर्भांत मनांत आल्यावांचून राहत नाहीं. १९५७ सालीं लखनौस जी रेल्वेची संशोधनसंस्था स्थापन झाली तिच्या चांचण्यांत आज हेंच केलें जातें. नव्या जातीचें इंजिन किंवा डबा वेगानें धांवडवून त्याचे हिसके मोजतात आणि मगच त्याला वेगाची परवानगी मिळते. शाईच्या लेखणीची जागा विजेच्या उपकरणांनीं घेतली आहे, इतकेंच.

माझ्या प्रतिकृतीकडे परत येतों. या एका डब्यानें नॉर्थ ईस्टर्न, १९२३ नंतर लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न आणि १९४८ नंतर ब्रिटिश रेल्वेज असे तीन धनी पाहिले. त्यामुळें प्रतिकृति करणारानें आधीं साल ठरवावें लागतें. मीं १९३८ धरलें आहे. आंतील टेबल झालें आहे. त्यावरची कागदाची पट्टी अंगठ्याच्या नखाएवढी रुंद आहे. पुतण्याला ही सगळी हकीकत सांगितल्यापासून तो रोज संध्याकाळीं येऊन बसतो. रुळावर उतरणारें तें मापनचाक अजून व्हावयाचें आहे. पहिलीं दोन मीं कानशीनें घासलीं तीं लंबगोल झालीं. तिसरें तो घासतो आहे, आणि दर दहा मिनिटांनीं दोरा गुंडाळून त्याचा घेर मोजतो आहे.