घड्याळाचा तास आणि सूर्याची घटका



दर वर्षी ऑक्टोबरचा पहिला रविवार आला की ऑस्ट्रेलियातल्या सिडनी, मेलबर्न, ॲडलेड, होबार्ट, कॅनबेरा या शहरांत पहाटे दोन वाजता एकदम तीन वाजतात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तीनचे पुन्हा दोन होतात. त्याच देशातल्या ब्रिस्बेन, पर्थ आणि डार्विन या शहरांत मात्र काहीही होत नाही. तिथली घड्याळे वर्षभर जशी आहेत तशीच चालतात.

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकीसुना आज तिकडे संसार करत आहेत. त्यामुळे हा विषय आता आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला आहे. डिसेंबरात मेलबर्नच्या सुनेला फोन लावावा तर ती म्हणते, "आई, आठ वाजलेत, जेवायला बसतोय." सासूबाईंच्या मनात लगेच येते, परदेशात जाऊन रात्रीभोजन सुरू झाले वाटते! माझ्या ओळखीतल्या एका घरात या एका वाक्यावरून दोन महिने अबोला होता. तो ऐकल्यापासून मी हा इतिहास शोधून वाचायला घेतला. त्यातले जे पक्के समजले ते तुमच्यासमोर ठेवते.

पूर्वी प्रत्येक गावाची वेळ त्या गावच्या सूर्यावर ठरे. सूर्य डोक्यावर आला की बारा वाजले. सिडनी मेलबर्नच्या पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो, म्हणून सिडनीचे घड्याळ तेवढे पुढे असे. बैलगाडी आणि जहाजाच्या काळात त्याने कुणाचे अडत नव्हते. मग तारा आल्या, रेल्वे आली. १८८३ मध्ये दोन्ही शहरांचे लोहमार्ग सीमेवरच्या ऑल्बरी गावी येऊन मिळाले. रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे गाडी बदलायची, आणि वेळही वेगळी, त्यामुळे घड्याळही बदलायचे!

तेव्हा ऑस्ट्रेलिया हा एक देश नव्हता, सहा ब्रिटिश वसाहती होत्या. १८९५ मध्ये त्यांनी मिळून तीन पट्टे ठरवले. ग्रिनिचच्या पुढे पूर्वेला दहा तास, मध्ये नऊ तास, पश्चिमेला आठ तास. हिशोब अगदी सोपा होता. पण ॲडलेडच्या व्यापाऱ्यांना तो रुचला नाही. मेलबर्नचा बाजार आपल्याआधी एक तास उघडतो, तारा त्यांना आधी मिळतात, सौदे ते आधी करतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून १८९९ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाने आपले घड्याळ अर्धा तास पुढे नेले आणि साडेनऊ तासांची वेळ धरली. गंमत अशी की ही वेळ ज्या रेखांशाची आहे, ती रेषा साउथ ऑस्ट्रेलियातून जातच नाही. ती शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून जाते. सूर्याला बाजूला ठेवून बाजारासाठी वेळ ठरली ती अशी. डार्विनचा उत्तर प्रदेश तेव्हा ॲडलेडच्याच कारभारात होता, म्हणून तोही आजवर साडेनऊ तासांवरच आहे. आणि ब्रोकन हिल हे खाणीचे गाव राज्य म्हणून सिडनीचे, पण त्याची रेल्वे आणि व्यापार ॲडलेडशी, म्हणून ते आजही ॲडलेडची वेळ पाळते.

आता उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची कल्पना. ती कुणाला सुचली हे वाचून मी क्षणभर थांबले. न्यूझीलंडमध्ये जॉर्ज हडसन नावाचे गृहस्थ पोस्टात पाळीने नोकरी करत. त्यांना कीटक गोळा करण्याचा नाद होता. काम सुटल्यावर किडे पकडायला उजेड पुरावा म्हणून १८९५ मध्ये त्यांनी वेलिंग्टनच्या अभ्यासमंडळात निबंध वाचला. उन्हाळ्यात घड्याळे दोन तास पुढे करा, असे त्यांचे म्हणणे होते. आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो ते अंधारात सूक्ष्म जिवांची हिंसा होऊ नये म्हणून. आणि घड्याळ पुढे ढकलण्याचा विचार जन्मला तो उजेडात जीव पकडता यावेत म्हणून. त्या गृहस्थांना दोष द्यायचा नाही, त्यांनी आयुष्यभर अभ्यासच केला. पण तोच संध्याकाळचा उजेड माणसे किती निरनिराळ्या कारणांनी मागतात, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

हडसन यांचे तेव्हा कुणी ऐकले नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायचा म्हणून १९१६ मध्ये जर्मनीने घड्याळ पुढे केले, मागोमाग इतर देशांनी. ऑस्ट्रेलियात टास्मानिया बेटाने १९१६ मध्ये आणि सगळ्या देशाने १९१७ मध्ये ते थोडे दिवस करून पाहिले. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून पुन्हा तेच. आपल्याकडेही सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळे एक तास पुढे होती. म्हणजे त्या वर्षांत जून महिन्यात कोल्हापूर-सांगलीकडचा सूर्यास्तही घड्याळात आठ वाजून गेल्यावर होत असणार. आपल्या आज्या-पणज्यांचे व्रत काही त्याने मोडले नाही.

युद्ध संपले आणि विषय मागे पडला. मग १९६७ मध्ये टास्मानियात दुष्काळ पडला. त्या बेटाची वीज धरणांच्या पाण्यावर. धरणे आटली तेव्हा संध्याकाळचे दिवे उशिरा लागावेत म्हणून तिथे घड्याळ पुढे केले आणि लोकांना ते आवडले. १९७१ मध्ये सिडनी, मेलबर्न, ॲडलेड, कॅनबेरा आणि ब्रिस्बेनच्या सरकारांनीही एक उन्हाळा प्रयोग केला. बाकीच्यांनी तो चालू ठेवला. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड राज्याने पुढच्याच वर्षी सोडून दिला.

पुढे ठिकठिकाणी लोकांना विचारण्यात आले. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९७६ मध्ये सुमारे ६८ टक्के लोकांनी हो म्हटले. क्वीन्सलँडने तीन उन्हाळे पुन्हा प्रयोग करून १९९२ मध्ये मत घेतले, तेव्हा साडेचौपन्न टक्के लोकांनी नाही म्हटले. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने तर १९७५, १९८४, १९९२ आणि २००९ असे चार वेळा मत घेतले आणि चारही वेळा नकार दिला.

क्वीन्सलँडच्या नकाराबद्दल एक विनोद आजही सांगतात. म्हणे तिथल्या गावाकडच्या बायकांना भीती होती की जास्तीच्या उन्हाने पडद्यांचा रंग उडेल! हा विनोद मला मुळीच आवडला नाही. नकार देणाऱ्यांची खरी कारणे साधी आणि घरातली होती. उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे ऊन फार. घड्याळ पुढे गेले की शाळा सुटण्याची वेळ भर उन्हात येते, आणि मुले त्या उन्हात घरी चालत येतात. रात्री झोपवायची वेळ झाली तरी घर तापलेलेच. गाईंना घड्याळ कळत नाही, त्या आपल्या वेळेलाच दूध देतात, पण दुधाची गाडी मात्र तासभर आधी दारात. हा सगळा भार घरातल्या बाईवरच पडतो. ब्रिस्बेन आणि आसपासच्या शहरी भागाने बहुतेक हो म्हटले होते, दूरच्या गावांनी नाही. ज्यांना संध्याकाळी समुद्रावर जायचे होते त्यांनी, ज्यांना तापल्या घरात मुले झोपवायची होती त्यांच्यावर विनोद केला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि वीज तरी वाचते का? २००० मध्ये सिडनीच्या ऑलिंपिकसाठी घड्याळे ऑगस्टमध्येच पुढे केली होती. त्या आकड्यांचा दोन अर्थशास्त्रज्ञांनी नंतर अभ्यास केला. संध्याकाळी जेवढी वीज वाचली, तेवढी सकाळच्या अंधारात खर्ची पडली होती.

आजचे चित्र असे. ट्वीड हेड्स आणि कूलंगाटा ही गावे एकमेकांना चिकटलेली, मध्ये फक्त राज्याची सीमा. उन्हाळ्यात अलीकडे सहा तर पलीकडे सात. नवे वर्ष तिथे एका रात्रीत दोनदा येते. लॉर्ड हाऊ नावाचे छोटे बेट तर घड्याळ अर्धाच तास सरकवते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या यूक्ला या वस्तीची पावणेनऊ तासांची स्वतःची वेळ कुठल्याही कायद्यात नाही, तरी लोक पाळतात. आपण हसू नये. १९०६ मध्ये भारताची एक वेळ झाली तेव्हा मुंबईने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली वेळ सोडायला नकार दिला होता, आणि ती पूर्ण जायला १९५५ उजाडले.

आता आपल्या कामाचे. सूर्यास्त आणि घड्याळ यांचा संबंध माणसाने जोडला आहे. दिवसाचे तीस मुहूर्त, एका मुहूर्ताच्या दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, हे आपले माप सूर्योदयापासून चालते. नवकारशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, मग घड्याळात काहीही वाजलेले असो. डिसेंबरच्या शेवटी मेलबर्नला सूर्य मावळतो तो सुमारे पावणेनऊला. तिथे आठच्या आत ताट उचलणारी सून चौविहार नीट पाळते आहे. उलट जूनमध्ये तिथे सव्वापाचच्या आतच अंधारते. तेव्हा ऑफिसातच डबा संपवून घरी येणारी तीच सून किती कष्टाने नियम पाळते, हे कुणी विचारत नाही.

आणि ब्रिस्बेनची लेक? तिच्याकडे डिसेंबरात सूर्य पहाटे पाचच्या आधीच उगवतो आणि सातच्या आत मावळतो. म्हणून एकीची वेळ दुसरीला सांगू नका. दोघी एकाच देशात असल्या तरी उन्हाळ्यात त्यांची घड्याळे सुद्धा एक नसतात. सिडनी-मेलबर्न आपल्यापुढे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेपाच. ब्रिस्बेन वर्षभर साडेचार. पर्थ वर्षभर अडीच. हे फ्रिजवर लिहून ठेवा. त्यांचा उन्हाळा म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल, हेही लक्षात असू द्या. दिवाळीचा निर्वाण लाडू त्यांच्या पुढे केलेल्या घड्याळात येतो, पर्युषण जुन्या वेळेत, आणि महावीर जयंती कधी या बाजूला तर कधी त्या.

पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा "किती वाजता जेवलीस?" असे विचारू नका. "उजेडात जेवलीस ना?" असे विचारा. एवढ्या एका प्रश्नाच्या बदलाने कुणाच्या तरी घरातला अबोला वाचेल.